सूर्याच्या वहीतले सुट्टे पैसे

मैत्रिणींनो, वर्षानुवर्षं गच्चीवर वाळवणं घातलेल्या बाईला सूर्याची ओळख कुणी नव्यानं करून द्यायला नको. कुरडयांना दोन कडक उन्हं हवीत, सांडगी मिरचीला चार तरी लागतात, पावसाळ्याआधी गाद्या-उशांना एकदा तरी ऊन दाखवायचं, हे आपल्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. आपल्या लेखी सूर्य म्हणजे घरातल्या कर्त्या माणसासारखा. वेळेवर येतो, वेळेवर जातो, आज आहे तसाच उद्या. त्याच्या अंगावर रोज काही नवं घडत असेल, असं आपल्या मनातही येत नाही.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. सूर्यावर काळे डाग असतात, साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात ते वाढतात आणि कमी होतात, एवढं फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. पण सूर्यावर शेकड्यांनी उगवणाऱ्या आणि एका दिवसात विरून जाणाऱ्या छोट्या छोट्या चुंबकीय जागा असतात, हे मी निवृत्त झाल्यावर वाचलं. वाचता वाचता मला सारखी आठवण येत राहिली ती माझ्या सासूबाईंच्या हिशेबाच्या वह्यांची. म्हणून आज दोन्हींबद्दल सांगते. आधी वह्या, मग सूर्य.

चार-आठ आण्यांचा हिशेब

सासूबाई रोज रात्री मागचं सगळं आवरलं की लांबट वही आणि पेन्सिल घेऊन बसायच्या. मीठ, काड्यापेटी, कोथिंबिरीची जुडी, बसचं तिकीट, दारात आलेल्या कल्हईवाल्याचे पैसे, सगळं लिहायच्या. मामंजी चेष्टेनं म्हणायचे, "अगं, घरभाडं मी भरतो, शाळेच्या फिया मी भरतो. ह्या चार-आठ आण्यांचं काय लिहून ठेवतेस?" सासूबाई मान वर न करता सांगायच्या, "मोठे खर्च लक्षात राहतात. लिहावे लागतात ते लहान."

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांचं कपाट आवरताना चाळीसेक वह्या निघाल्या. मी चार पानं उलटून पाहिली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च आणि दर महिन्याच्या तळाशी अखेरची शिल्लक, बहुतेक वेळा शून्य, फार तर दोन-तीन रुपये. यातलं काय ठेवायचं, असा विचार करून मी तो गठ्ठा रद्दीवाल्यासाठी बाजूला काढला. त्या गठ्ठ्याचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगते.

उकळतं पातेलं

आता सूर्याकडे येऊ. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. एका बाजूला एक अशा १०९ पृथ्व्या ओळीनं मांडल्या तर त्याचा व्यास भरेल. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. पृष्ठभाग म्हटलं तरी ती काही घट्ट जमीन नव्हे. सगळा तापलेला वायू, तोही सतत उकळणारा.

हे उकळणं समजायला स्वयंपाकघरात जा. जाड बुडाच्या पातेल्यात वरण रटरटत असतं तेव्हा मधून गरम वरण वर येतं, बाजूला पसरतं, जरा निवलं की खाली जातं. सूर्यावरही असंच चालतं. दुर्बिणीतून त्याचा पृष्ठभाग भाताची शितं पसरल्यासारखा दाणेदार दिसतो. यातला एकेक दाणा सुमारे हजार किलोमीटर रुंद, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व-पश्चिम लांबीपेक्षाही मोठा. आणि आयुष्य? आठ-दहा मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत जुना दाणा गेलेला असतो, नवा आलेला असतो.

या लहान दाण्यांच्या जोडीला मोठी उकळीही असते. तिचे कप्पे सुमारे तीस हजार किलोमीटर रुंदीचे असतात आणि एकेक कप्पा साधारण दिवसभर टिकतो. डाळ शिजताना वर येणारा फेस तुम्ही रोज पाहता. तो मध्ये राहत नाही, उकळी त्याला ढकलत ढकलत कडेला नेते. हा कडेला जाणारा फेस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डागांची कीर्ती

सूर्यावरचे मोठे काळे डाग माणसानं फार पूर्वी पाहिले. गॅलिलिओनं सतराव्या शतकाच्या आरंभी दुर्बिणीतून त्यांची चित्रं काढली. जर्मनीतला हाइनरिक श्वाबे हा मूळचा औषधविक्रेता. तो १८२६ पासून, आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी, डाग मोजत बसला. सतरा वर्षांनंतर, १८४३ साली, हे डाग ठरावीक काळानं वाढतात आणि ओसरतात, असं त्यानं जाहीर केलं. आज आपण ज्याला अकरा वर्षांचं आवर्तन म्हणतो, ते असं एका माणसाच्या चिकाटीतून हाती आलं.

डाग काळे का दिसतात? कारण ते भोवतालापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड असतात. थंड का? याचं उत्तर १९०८ साली अमेरिकेत माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांना मिळालं. प्रकाश वेगवेगळ्या रंगांत पसरवला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. जिथं जोरदार चुंबकत्व असतं तिथल्या प्रकाशात यातली एकेक रेघ फुटून तिच्या दोन-तीन होतात. हेलना डागांच्या प्रकाशात नेमकं तेच दिसलं. म्हणजे प्रत्येक डाग हा एक प्रचंड लोहचुंबक, पृथ्वीच्या चुंबकत्वाहून हजारो पटींनी जोरदार. त्या चुंबकत्वामुळे खालची उकळी वर यायला अडते, म्हणून ती जागा थंड पडते.

शिवणाच्या डब्यात सांडलेल्या टाचण्या गोळा करायला आपण जो लोहचुंबक ठेवतो, त्याला दोन टोकं असतात, एक उत्तर आणि एक दक्षिण. सूर्यावरच्या डागांचंही तसंच. ते बहुधा जोडीनं असतात, एक पुढे, एक मागे. सूर्याच्या उत्तर गोलार्धात पुढचा डाग उत्तर ध्रुवाचा असेल तर तिथल्या बहुतेक सगळ्या जोड्यांत पुढे उत्तरच असतो. दक्षिण गोलार्धात बरोबर उलटं. आणि अकरा वर्षांचं आवर्तन संपून नवं लागलं की ही रीत पालटते, पुढचा मागे आणि मागचा पुढे होतो.

डागांना कीर्ती मिळाली ती योग्यच आहे. २०२४ च्या मे महिन्यात अशाच एका प्रचंड डागसमूहातून उठलेल्या वादळांमुळे लडाखमध्ये हान्ले इथून रात्रीच्या आकाशात लाल प्रभा दिसली. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. मोठ्यांच्या बातम्या होतात. पण त्याच दिवशी, त्याच सूर्यावर शेकडो लहान जोड्या उगवल्या नि मावळल्या. त्यांची बातमी झाली नाही.

एका दिवसाचे पाहुणे

या लहान जोड्यांना शास्त्रज्ञ 'एफिमरल रीजन' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच एक दिवसाचा. आपण त्यांना अल्पजीवी जोड्या म्हणू. 'लहान' हा शब्द मात्र सूर्याच्या मापानं घ्यायचा. एकेक जोडी तीस हजार किलोमीटरपर्यंत पसरते, म्हणजे आपली पृथ्वी तिच्यात दोनदा मावेल. पण सूर्यावर ती इतकी किरकोळ की बहुतेकींना साधा काळा डागही पडत नाही. साध्या दुर्बिणीला तिथं काहीच दिसत नाही. फक्त चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रालाच ती कळते.

ती जन्मते कशी? तुम्ही स्वेटर घातलेला असतो, कुठं तरी खिळ्याला अडकतो आणि विणीतला एक धागा कमानीसारखा वर ओढला जातो. ओढलेला भाग वर दिसतो आणि त्याची दोन टोकं दोन जागी विणीत रुतलेली असतात. सूर्याच्या आतून चुंबकत्वाची अशीच कमान वर येते. जिथं ती पृष्ठभागातून बाहेर पडते तिथं उत्तर ध्रुव, जिथं परत आत शिरते तिथं दक्षिण. म्हणून जन्मतःच जोडी. पहिल्या काही तासांत दोघं एकमेकांपासून लांब सरकतात. मग ती मघाची मोठी उकळी त्यांना ढकलत आपल्या कप्प्याच्या कडेला नेते, डाळीच्या फेसासारखी. कडेला आधीच आलेले इतर जोड्यांचे तुकडे असतात. सारखा सारख्याला भेटला की दोघं मिळून मोठे होतात. उत्तरेला दक्षिण भेटला की दोघं एकमेकांना खोडून टाकतात, जमा आणि खर्च सारखा झाल्यासारखे. काही तासांत, फार तर दिवस-दीड दिवसात, ती जोडी उरत नाही.

आता तुम्हीच सांगा, ज्याची बेरीज नेहमी शून्य येते आणि जे उद्या उरणारच नाही, ते कोण मोजत बसेल?

मोजणाऱ्या बायका

मोजत बसल्या त्या बायका, हे सांगताना मला जरा बरंच वाटतं.

हेलन डॉडसन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ. १९०५ सालचा जन्म. आधी त्यांनी मुलींच्या महाविद्यालयांत शिकवलं आणि मग मिशिगनमधल्या मॅकमॅथ-हल्बर्ट वेधशाळेत सूर्याच्या निरीक्षणात आयुष्य घातलं. सूर्यावरचे मोठे स्फोट हा त्यांचा मुख्य विषय. पण लहान, थोडा वेळ टिकणाऱ्या अशा जागांकडे त्यांचं लक्ष १९५३ सालीच गेलं होतं.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९७३ साली, कॅरन हार्वी आणि सारा मार्टिन या दोघींनी 'सोलर फिजिक्स' या नियतकालिकात या जोड्यांवर निबंध लिहिला आणि त्यांना स्वतंत्र ओळख मिळवून दिली. तोवर चुंबकत्वाचे नकाशे काढणारी यंत्रं आली होती. अशा नकाशात सूर्य करड्या रंगाचा दिसतो. उत्तर ध्रुवाच्या जागी पांढरे ठिपके, दक्षिणेच्या जागी काळे. रांगोळी आणि कोळशाची पूड एका ताटात विस्कटून टाकावी तसं ते दिसतं. यातला कुठला पांढरा ठिपका कुठल्या काळ्या ठिपक्याचा जोडीदार, कुठली जोडी आज नवी आली, कुठली कालची आज गेली, हे नकाशावर नकाशा ताडून ठरवायचं. दिवसातून एकच नकाशा असेल तर कित्येक जोड्या दोन नकाशांच्या मधल्या वेळात येऊन जातात, त्या हिशेबातून निसटतात. काम किती निगुतीचं असेल, ते तांदूळ निवडणाऱ्या बाईला सांगायला नको.

कॅरन हार्वी यांची एक गोष्ट मला विशेष वाटते. त्यांचे पती जॅक हार्वी हेही सूर्याचेच अभ्यासक. जगभरचे शास्त्रज्ञ कॅरन यांच्या कामाचा आधार घेत होते, तेव्हा त्यांच्या नावापुढे डॉक्टरेट नव्हती. ती त्यांनी घेतली १९९३ साली, हॉलंडमधल्या उत्रेख्त विद्यापीठातून, वयाच्या पन्नाशीत, त्या पहिल्या निबंधानंतर वीस वर्षांनी. प्रबंधाचा विषय अर्थातच सूर्यावरच्या चुंबकीय जोड्या. २००२ साली त्या गेल्या. आज अमेरिकेतल्या सौरशास्त्रज्ञांची संघटना तरुण संशोधकांना एक पुरस्कार देते, तो कॅरन हार्वी यांच्या नावानं.

मोजल्यावर काय दिसलं?

पहिली गोष्ट, मोठे डाग सूर्याच्या विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, साधारण पस्तीस अंशांपर्यंतच्या पट्ट्यात असतात. या लहान जोड्या मात्र सगळीकडे, पार ध्रुवांच्या दिशेलाही सापडतात. कुठलाही कोपरा त्यांच्यावाचून नाही.

दुसरी गोष्ट, डाग वाढतात नि ओसरतात, पण या जोड्या फारशा कमी होत नाहीत. २००८ आणि २००९ ही दोन वर्षं आठवा. दर वर्षी अडीचशेहून अधिक दिवस असे गेले की सूर्यावर एकही डाग नव्हता. सूर्य झोपला की काय, अशा चर्चा झाल्या. पण चुंबकत्वाच्या नकाशांत लहान जोड्या नेहमीसारख्याच येत-जात होत्या. डाग नसलेल्या सूर्याला शांत म्हणायची पद्धत आहे. तो शांत कधीच नसतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मघाशी सांगितलं की नव्या आवर्तनात डागांच्या जोड्यांची दिशा पालटते. लहान जोड्या याबाबतीत जरा बेशिस्त आहेत. कुणी उलटी, कुणी आडवी, नियम पाळणाऱ्या निम्म्याहून थोड्याच अधिक. पण पुष्कळ मोजल्या की कल कळतो. मार्टिन आणि हार्वी यांनी डाग अगदी कमी असतानाच्या काळातल्या जोड्या तपासल्या आणि १९७९ साली निष्कर्ष मांडले. जुन्या आवर्तनाचे उरलेसुरले डाग अजून विषुववृत्ताजवळ होते आणि तिकडे दूर, ध्रुवांच्या बाजूला उगवणाऱ्या लहान जोड्यांचा कल उलटा झालेला होता. त्या नव्या आवर्तनाच्या होत्या! पुढं १९८८ साली या दोघींनी आणि आणखी तीन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात सगळे पुरावे एकत्र मांडले. नव्या आवर्तनाचा पहिला डाग दिसायच्या कितीतरी वर्षं आधी त्याची सुरुवात झालेली असते. म्हणजे एक आवर्तन अकरा वर्षांचं न राहता अठरा ते बावीस वर्षांचं होतं आणि जुनं संपण्याआधी नवं सुरू झालेलं असतं. ते कुठं लिहिलेलं असतं? या एका दिवसाच्या पाहुण्यांत.

तळाशी शून्य, पण उलाढाल केवढी

डिसेंबर १९९५ मध्ये 'सोहो' हे यान अवकाशात गेलं आणि दीड-दीड तासानं सूर्याचा चुंबकीय नकाशा मिळू लागला. मोजणीतली गळती थांबली. १९९७ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा शांत म्हणवणाऱ्या सूर्यावरचं सगळं चुंबकत्व सुमारे चाळीस तासांत पूर्ण बदलून नवं होतं, असं दिसलं. पुढच्या मोजण्यांत हा वेळ त्याहूनही कमी निघाला. सूर्यभर पसरलेल्या या काळ्या-पांढऱ्या विणीला त्यांनी 'चुंबकीय गालिचा' असं नाव दिलं. मला मात्र तो गालिचापेक्षा गोधडीसारखा वाटतो. तुकड्यातुकड्यांनी शिवलेली, आणि दोन दिवसांच्या आत सगळे तुकडे बदललेले.

मोठ्या डागांमधून जितकं चुंबकत्व रोज वर येतं, त्याच्या कितीतरी पट या लहान जोड्यांतून येतं. मग ते दिसत का नाही? कारण आलेलं लगेच आपसात खोडलं जातं. महिन्याच्या तळाशी शिल्लक शून्य, म्हणून महिनाभर काही व्यवहारच झाला नाही असं कुणी म्हणेल का?

आणि खोडलं जाताना त्यातली ऊर्जा कुठं तरी जाते. सूर्याच्या पृष्ठभागावर साडेपाच हजार अंश तापमान आहे, पण त्याच्याभोवतीचं जे विरळ वातावरण, खग्रास ग्रहणात मोत्यासारखं चमकणारं प्रभामंडळ, त्याचं तापमान दहा लाख अंशांच्या वर असतं. चुलीपासून लांब गेल्यावर अधिक चटके बसावेत, असा हा प्रकार. हे प्रभामंडळ इतकं का तापतं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण १९७३-७४ मध्ये स्कायलॅबमधून सूर्याची क्ष-किरणांतली चित्रं काढली तेव्हा सगळ्या चकतीवर बारीक चमकणारे ठिपके दिसले आणि त्यांतले बरेच अशा लहान चुंबकीय जोड्यांच्या जागी निघाले. (हीच ती स्कायलॅब, जी १९७९ च्या जुलैत आपल्या डोक्यावर पडणार म्हणून आपण सगळे घाबरलो होतो!) २०२० साली 'सोलर ऑर्बिटर' या यानानं सूर्याच्या निम्म्या अंतरावरून चित्रं काढली, तेव्हा त्याहूनही बारीक ठिणग्या दिसल्या. शास्त्रज्ञांनी त्यांना 'शेकोट्या' असं नाव दिलं. एका मोठ्या भट्टीऐवजी अशा असंख्य लहान शेकोट्यांनी प्रभामंडळ तापत असेल का, याचा तपास चालू आहे.

आपल्या अंगणात

या कामाचा आपल्याकडेही जुना धागा आहे. पुण्यात विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ते सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची उपकरणं तमिळनाडूतल्या कोडाईकॅनालला गेली. कोडाईकॅनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याचे रोजचे फोटो जपून ठेवलेले आहेत. शंभराहून अधिक वर्षांची ही वही आज जगभरचे अभ्यासक उघडून पाहतात.

आणि २ सप्टेंबर २०२३ ला आपलं 'आदित्य-एल१' यान श्रीहरिकोट्याहून निघालं. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी. यानावरची अतिनील किरणांत सूर्याचे फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' या संस्थेनं तयार केली. पुण्याहून गेलेली सूर्याची दुर्बीण अशी शंभराहून अधिक वर्षांनी वेगळ्या वाटेनं परत आली म्हणायची.

मुलांना दाखवायचं असेल तर

या लहान जोड्या घरून दिसणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. पण सूर्याची चकती सुरक्षितपणे दाखवता येते. हातात मावेल एवढा आरसा घ्या. त्यावर जाड कागद चिकटवा आणि कागदाच्या मध्ये हरभऱ्याएवढं, साधारण पाच मिलिमीटरचं भोक ठेवा. आरसा खिडकीत किंवा अंगणात उन्हात पक्का टेकवा आणि त्याचा कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. आरसा आणि भिंत यांत दहा मीटर अंतर असेल तर सुमारे नऊ सेंटिमीटरची गोल चकती दिसेल. तीच सूर्याची प्रतिमा. एखादा फारच मोठा डाग असला तर तोही पुसट दिसू शकतो. कवडसा कुणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका. सूर्याकडे थेट पाहायचं नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यांतून तर मुळीच नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होताना दुखत नाही, म्हणून ती वेळेवर कळतही नाही.

आणि कुणी विचारायच्या आधी सांगते, या जोड्यांचा पत्रिकेतल्या मंगळाशी किंवा साडेसातीशी काही संबंध नाही!

वह्यांचं काय झालं?

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला वन्सं आल्या होत्या. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा त्यांनी तो रद्दीचा गठ्ठा पाहिला आणि सहज एक वही काढून वाचत बसल्या. मग दुसरी, मग तिसरी. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. १९७० सालच्या जूनमध्ये, बसच्या तिकिटाच्या नि कोथिंबिरीच्या मध्ये, एक नोंद होती, 'स्टीलची वाटी १'. जुलैत पुन्हा 'वाटी १'. ऑगस्टमध्ये 'फुलपात्र १'. असं दर महिन्याला एकेक, पुढं अकरा वर्षं.

१९७० साली वन्सं सातवीत होत्या. लग्नाचा विषयही घरात नव्हता. त्यांचं लग्न झालं १९८१ साली. मामंजींनी फंडातून कर्ज काढून मुलीचं लग्न थाटात केलं, हे आमच्या घरात आजवर सगळे सांगत आले आणि ते खरंच आहे. पण रुखवतात मांडलेली भांडी एकरकमी आलेली नव्हती. त्या लग्नाची सुरुवात अकरा वर्षं आधी झाली होती, आणि ती फक्त या वह्यांत लिहिलेली होती. दर महिन्याला तळाशी शिल्लक मात्र तेवढीच, शून्य.

"वहिनी, ह्या रद्दीत चालल्या होत्या?" वन्संनी विचारलं. मला काही बोलता आलं नाही.

वह्या आता वन्संकडे आहेत. १९७० ची तेवढी मी मागून घेतली. परवा गच्चीवर पापड उलटताना सहज वर पाहिलं. थेट नव्हे हं, हाताच्या आडोशानं! पापड खुडखुडीत व्हायच्या आत तिथं किती जोड्या आल्या असतील आणि किती गेल्या असतील, असं मनात आलं. सूर्य दिसायला कालचाच होता.

तुमच्याही घरात कुठल्या तरी ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात अशी एखादी लांबट वही असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि तळाची शिल्लक बघून मिटू नका, मधल्या ओळी वाचा.